गाडीच्या रेडिओतील खरखर नेमकी कुठून येते, हे कसे शोधावे?

योगेश्वरीनगरी
रविवार, सकाळी ९.४०

सर्वांना नमस्कार. मी अंबाजोगाईला राहते आणि परळी-गंगाखेड मार्गे परभणीला आठवड्यातून दोन-तीन वेळा माझे जाणे होते. सोबत वडील असतात. त्यांची नजर अधू झाल्यापासून वर्तमानपत्र सुटले आहे, त्यामुळे परभणी आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे, म्हणजे १३०५ किलोहर्ट्झवरचे कार्यक्रम त्यांना रोज लागतातच. गाडी सतरा वर्षांची, पेट्रोलची आणि चार सिलिंडरची आहे. रेडिओ गाडीसोबत आलेलाच आहे आणि एरियल टपावरची काडीची आहे.

मागच्या सर्व्हिसिंगनंतर रेडिओत इतकी खरखर सुरू झाली की बातम्यांतले निम्मे शब्द कळत नाहीत. नीट कान देऊन ऐकले तर त्यात टकटक आहे, बारीक शिट्टीसारखा आवाजही आहे आणि गिरवलीच्या बाजूला गेले की कढईत पापड सोडल्यासारखा तडतडाट होतो. एका दुकानात रेडिओच्या वायरवर आवाज रोखणारा नऊशे रुपयांचा फिल्टर बसवून घेतला, पण काडीचाही फरक पडला नाही. आता ते संपूर्ण स्टिरिओ बदला असे सांगत आहेत. तो खर्च करण्याआधी दोष खरोखर रेडिओतच आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. घरी मल्टिमीटर आहे आणि सांगाल तसे मोजमाप करण्याची माझी तयारी आहे.

निवृत्तप्रक्षेपक
रविवार, सकाळी ११.०५

ताई, तुम्ही आवाजांचे जे वर्णन केले आहे त्यावरूनच निम्मे काम झाले आहे. टकटक, शिट्टी आणि तडतड हे तीन वेगळे आवाज आहेत आणि तिन्हींचे कारण एकच असेल असे मुळीच धरून चालू नका. सगळ्याला मिळून ‘खरखर’ म्हटले आणि तिच्यावर एकच उपाय केला, की फिल्टरचे जे झाले तेच होते.

आधी थोडे तत्त्व सांगतो, कारण त्याशिवाय पुढच्या चाचण्या नुसत्या यादीसारख्या वाटतील. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो. इंजिनातली ठिणगी असो, आकाशातली वीज असो की खांबावरचे स्पार्किंग असो, ते त्या उंचीतच भर घालते आणि निवेदकाचा आवाज कोणता व ठिणगीचा कोणता, हे रेडिओला वेगळे करता येत नाही. एफएमवर, म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आवाज लहरीच्या वारंवारतेच्या चढउतारात असतो. तेथे रेडिओ लहरीची उंची आधीच छाटून सारखी करतो आणि बहुतेक कचरा त्या छाटणीतच निघून जातो. म्हणून तीच गाडी, तोच रस्ता असूनही एफएम स्वच्छ आणि मध्यम लहरी घाण, असा अनुभव येतो. त्यावरून रेडिओ बिघडला असे ठरत नाही.

आता चार गोष्टी पाहा. भर दिवसा, विजेच्या तारांपासून दूर, एखाद्या मोकळ्या माळावर गाडी उभी करा. पहिली गोष्ट, इंजिन बंद ठेवून किल्ली फक्त रेडिओपुरती फिरवा आणि १३०५ लावून ऐका. दुसरी, इंजिन सुरू करून रेडिओऐवजी पेनड्राइव्हवरचे एखादे गाणे लावा आणि मध्ये थांबवा. त्या शांततेत जो आवाज शिल्लक राहील त्याचा रेडिओलहरींशी काहीही संबंध नाही. तिसरी, आवाज शून्यावर आणा आणि काही ऐकू येते का ते पाहा. चौथी सर्वांत महत्त्वाची आहे : रेडिओ बाहेर सरकवून मागची एरियलची पिन उपसून काढा. पिन काढल्यावर जो आवाज बंद होतो तो एरियलमधून येत होता आणि जो तसाच राहतो तो वायरिंगमधून येत आहे. आजार कोणता, याच्या आधी तो कोणत्या वाटेने शिरतो हे समजले पाहिजे.

दिवसा म्हणतो त्यालाही कारण आहे. सूर्य मावळला की मध्यम लहरी शोषणारा आकाशातला थर विरतो, शेकडो किलोमीटरवरची केंद्रे येऊन आपल्या केंद्रावर बसतात आणि शेजारच्या दोन केंद्रांमधले ९ किलोहर्ट्झचे अंतर शिट्टीसारखे ऐकू येऊ लागते. रात्री चाचणी केली तर बिचाऱ्या गाडीवर नसता आळ येईल.

हिंगोलीकर
रविवार, दुपारी १.३०

माझ्या गाडीतही अशीच खरखर होती आणि ती सिगारेट लायटरच्या भोकात लावलेल्या मोबाइल चार्जरची निघाली. नंतर डॅशकॅम बसवला तेव्हा पुन्हा तेच झाले आणि त्या वेळी तर एफएमसुद्धा दबले. ताईंनी सर्वांत आधी गाडीत बाहेरून लावलेली प्रत्येक वस्तू उपसून ठेवावी आणि मग बाकीचे पाहावे. आवाज तरीही राहिला तर रेडिओच्या वायरवर आणखी एक मोठा फिल्टर आणि कंडेन्सर लावून पाहायला हरकत नाही.

परभणीवायरिंग
रविवार, रात्री ९.१५

हिंगोलीकर भाऊंच्या पहिल्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. चार्जर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो आणि त्या वेगाच्या प्रत्येक पटीवर रेडिओत एक गुरगुर बसते. समजा तो वेग १५० किलोहर्ट्झ असेल, तर डायल फिरवताना ६००, ७५०, ९०० अशी ठरावीक अंतराने ती भेटत जाते. हल्ली लोक हेडलाइटमध्ये बाजारातले एलईडी बल्ब टाकतात, त्यांच्या मागच्या डब्यातही हाच प्रकार असतो. दिवे लावले की खरखर आणि विझवले की शांतता असे होत असेल, तर दुसरीकडे शोधायलाच नको.

दुसरी सूचना मात्र मला पटत नाही. गेली बावीस वर्षे मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांमध्ये आधीच कोणीतरी लावलेले एक-दोन फिल्टर सापडतात. फिल्टर ही वीजपुरवठ्याच्या वायरवर बसणारी वस्तू आहे. वायरमधून येणाऱ्या आवाजावरच तो चालतो, एरियलमधून येणाऱ्या आवाजाला तो अडवणार कसा? शिवाय त्याची काळी वायर ज्या बोल्टला लावली तो बोल्टच गंजलेला असेल, तर वायरमधून येणाऱ्या आवाजावरही त्याचा उपयोग होत नाही.

ताई, आणखी दोन गोष्टी कळकळीने सांगतो. डायनॅमो तपासायचा म्हणून चालू इंजिनात बॅटरीची पट्टी काढण्याची जुनी रीत अजूनही काही ठिकाणी चालते. ती कोणालाही करू देऊ नका, कारण त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि रेडिओपासून इंजिनाच्या कंट्रोल युनिटपर्यंत काहीही जळू शकते. आणि चालत्या गाडीत किल्ली मागे फिरवून आवाज जातो का, हे पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. स्टिअरिंग अडकण्याचा आणि ब्रेक जड होण्याचा धोका त्यात असतो.

योगेश्वरीनगरी
मंगळवार, सायंकाळी ६.२०

सरांनी सांगितल्याप्रमाणे घाटनांदूरच्या रस्त्यावरच्या एका माळावर दुपारी गाडी उभी करून सगळे पाहिले. चार्जर मी नेलाच नव्हता आणि गाडीतले बल्ब साधे आहेत.

इंजिन बंद असताना १३०५ इतके स्वच्छ लागले की वडील म्हणाले, “आता हात लावू नकोस, असंच राहू दे.” इंजिन सुरू केल्याबरोबर टकटक आणि शिट्टी दोन्ही आल्या. पेनड्राइव्ह लावून गाणे थांबवले तेव्हा टकटक नव्हती, पण शिट्टी होती. आवाज शून्यावर आणला तरी शिट्टी तेवढीच राहिली आणि रेस दिली की ती वर चढत गेली. एरियलची पिन काढताच टकटक एकदम बंद झाली. शिट्टीला काही झाले नाही. पापड तळल्यासारखा आवाज तेथे मुळीच नव्हता.

निवृत्तप्रक्षेपक
मंगळवार, रात्री ८.००

यापेक्षा स्पष्ट निकाल मिळणे कठीण आहे. टकटक एरियलमधून येते, म्हणजे इंजिनातली एखादी ठिणगी हवेतून लहरी सोडत आहे. शिट्टी वायरिंगमधून येते. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटनाचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणजे ती त्या बटनाच्याही पुढच्या भागात शिरत आहे आणि हे बहुधा अर्थिंगचे काम आहे. तिसरा आवाज गाडीचा नाहीच, तो जागेचा आहे. तुमचा रेडिओ निर्दोष आहे, तो बदलू नका.

परभणीवायरिंग
मंगळवार, रात्री १०.१०

ताई, आता टकटक मोजायची आहे. ही मोजणी मला फार आवडते, कारण बोनेट उघडण्याआधीच ती बरेच काही सांगून जाते.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक प्लगला इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी मिळते. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ९०० फेऱ्या घेत असेल, तर एका प्लगच्या ठिणग्या मिनिटाला ४५० म्हणजे सेकंदाला साडेसात होतात आणि चारही प्लगच्या मिळून सेकंदाला तीस. तीस ठिणग्या कानाला सुट्या ऐकू येत नाहीत, त्यांची सलग भरभर होते. तुम्ही मात्र ‘टकटक’ म्हणता. म्हणून माझी शंका अशी आहे की चारांपैकी एकच जागा ओरडत आहे. (ज्या गाड्यांत एक कॉईल दोन प्लगना ठिणगी देते तेथे हा हिशेब दुप्पट धरावा लागतो. तुमच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग असेल, तर वरचा हिशेब लागू पडतो.)

मोबाइलवर पाच सेकंद आवाज ध्वनिमुद्रित करा आणि पाव वेगाने वाजवून टकटक मोजा. त्या वेळी मीटरवर इंजिनाच्या फेऱ्या किती आहेत तेही लिहून ठेवा.

लातूरडिझेल
बुधवार, सकाळी ७.५०

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझी गाडी डिझेलची आहे. डिझेलला प्लगची ठिणगीच नसते, तर मग माझ्याकडे आवाज कोठून येतो? खरे तर माझ्याकडे खरखर कमी आणि केंद्र न लागणे जास्त आहे. लातूर शहराबाहेर पाच-सात किलोमीटरवर एफएम विरून जाते. मूळ स्टिरिओ काढून मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून हे होत आहे.

निवृत्तप्रक्षेपक
बुधवार, सकाळी १०.३०

क्षमा कशाला, दुखणे एकाच घरचे आहे. टपावर बुटकी काडी किंवा माशाच्या पंखासारखे एरियल असेल, तर त्याच्या बुडाशी एक छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. एफएमची लहर सुमारे ३ मीटरची असते आणि तिच्या पाव लांबीची, म्हणजे ७५ सेंटिमीटरची काडी सर्वांत उत्तम चालते. बुटक्या काडीची उणीव तो अॅम्प्लिफायर भरून काढतो. मूळ स्टिरिओ त्याला वीज पुरवत होता. नवा बसवताना ती वायर, बहुतेक स्टिरिओंमध्ये ती निळी असते, मोकळीच राहिली असावी. काही गाड्यांत ही वीज एरियलच्या केबलमधूनच द्यावी लागते आणि त्यासाठी वेगळा जोड मिळतो. तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते पाहून ती वायर जोडून घ्या. अॅम्प्लिफायरला वीज नसली तर केंद्र दुबळे होते आणि दुबळ्या केंद्रावर गाडीतला बारीकसारीक कचराही मोठा वाटतो.

जुनीजीप
बुधवार, दुपारी १२.१५

माझ्या जीपमध्ये बटन फिरवून केंद्र लावायचा जुना रेडिओ आहे. नवे एरियल लावल्यापासून मध्यम लहरींवर सगळेच मंद झाले आहे. यावर काही करता येईल का?

निवृत्तप्रक्षेपक
बुधवार, दुपारी १.००

त्या रेडिओवर एरियलच्या भोकाजवळ पेचकसाने फिरवायचा एक लहान स्क्रू असतो. १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे अशक्त केंद्र लावा आणि आवाज सर्वांत मोठा येईल तेथे तो सोडा. आपल्याकडे परभणीचे १३०५ त्यासाठी पुरेसे जवळचे आहे.

योगेश्वरीनगरी
गुरुवार, सायंकाळी ७.३५

मोजणी केली. पाच सेकंदांत ३७ टकटक भरल्या, म्हणजे सेकंदाला ७.४. परभणीच्या भाऊंच्या हिशेबाने उलट गुणाकार केला, तर इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला ८८८ येतात. मीटरचा काटा त्या वेळी ९०० च्या रेषेला खालून टेकलेला होता. गाडीत डिस्ट्रिब्युटर आहे. आता पुढे काय करावे?

परभणीवायरिंग
गुरुवार, रात्री ९.००

मग एकच सिलिंडर आहे, यात मला आता शंका उरली नाही. इंजिन पूर्ण थंड असताना जाड रबरी वायरी, ज्यांना आपण एचटी लीड म्हणतो, एकेक काढा आणि दोन्ही टोकांमध्ये ओहम मोजा. अशा लीड काही हजार ओहम दाखवतात आणि ते बरोबर आहे, कारण तो अवरोध मुद्दाम ठेवलेला असतो. एखादी अगदी शून्याजवळ आली किंवा काहीच दाखवत नसली, तर ती दोषी. लीड ठीक असतील तर प्लग काढून पाहा. चालू इंजिनात या वायरींना हात लावू नका, त्यांत वीस हजार व्होल्टच्याही वर दाब असतो.

योगेश्वरीनगरी
शनिवार, दुपारी १२.२५

सापडले! लीड चारही सारख्याच निघाल्या, म्हणून शेजारच्या मामांकडून २१ चा प्लगपाना आणून चारही प्लग काढले आणि क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले. चौघांचीही टोके फिकट तपकिरी, जळण एकसारखे. पांढऱ्या चिनीमातीवरची अक्षरे फडक्याने पुसून वाचली तेव्हा तिघांवर ‘बीपीआर६ईएस’ असे होते आणि तिसऱ्या सिलिंडरमधून निघालेल्या प्लगवर ‘बीपी६ईएस’. मधला ‘आर’ नाही. वरच्या टोपीपासून मधल्या टोकापर्यंत मोजले तर ‘आर’ वाले तीन प्लग ४.७, ५.१ आणि ४.९ किलोओहम दाखवतात आणि हा तिसऱ्या सिलिंडरचा थेट शून्य.

सर्व्हिसिंगच्या वेळी एक प्लग फुटला म्हणून दुसरा टाकला आहे, असे मला तेथे सांगितले होते. त्या वेळी ते बोलणे मी कानाआड केले होते.

निवृत्तप्रक्षेपक
शनिवार, दुपारी २.४०

ताई, त्या ‘आर’ चा अर्थच अवरोध असा आहे. प्लगच्या पोटात सुमारे पाच हजार ओहमचा अवरोध बसवलेला असतो. ठिणगी पडते त्या क्षणी विजेचा प्रवाह एकदम उसळून अतिशय वेगाने मागेपुढे झुलतो आणि ती वायर एखाद्या लहानशा प्रक्षेपकाच्या एरियलसारखी लहरी फेकू लागते. अवरोध तो झोका ठिणगीच्या उगमापाशीच आवळतो. पेट्रोल पेटायला लागणारी ठिणगी मात्र त्याने कमी होत नाही. ‘आर’ वाला प्लग पिकअप कमी करतो, असा समज ऐकू येतो. त्यात तथ्य नाही आणि त्या समजापोटी साधे प्लग वापरू नयेत.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. हा साधा प्लग लांबीला, आट्यांना, सगळ्याला बरोबर बसतो आणि गाडीही उत्तम चालते. त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. ती फक्त रेडिओला दिसते.

योगेश्वरीनगरी
रविवार, सकाळी १०.५०

नवा प्लग दोनशे रुपयांच्या आत मिळाला. फट गाडीच्या पुस्तकाप्रमाणे फिलर गेजने पाहून बसवला. टकटक पूर्ण गेली आहे. शिट्टी आहे तशीच आहे, उलट आता एकटी असल्यामुळे जास्तच जाणवते.

परभणीवायरिंग
रविवार, दुपारी १२.००

आता मल्टिमीटर डीसीच्या २ व्होल्टच्या पट्टीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर धरा, तिला आवळलेल्या वायरच्या पट्टीवर नाही, प्रत्यक्ष खुंटीवर. इंजिन २००० फेऱ्यांवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. दुसरे टोक क्रमाने इंजिनाच्या ओतीव भागावर, मग गाडीच्या उघड्या पत्र्यावर आणि शेवटी रेडिओच्या लोखंडी पाठीवर टेकवा. मीटरची वायर लांब लागेल, ती साध्या तारेने वाढवली तरी चालते. तिन्ही आकडे शून्याच्या अगदी जवळ यायला हवेत. जेथे आकडा उडी मारतो त्या जोडात दोष आहे.

त्याच वेळी मीटर एसीवर करून बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्येही मोजा. तेथे अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला, तर डायनॅमोतला एखादा डायोड गेला असे समजा. तो बदलायलाच हवा, त्यावर फिल्टर हा इलाज नाही.

योगेश्वरीनगरी
सोमवार, रात्री ८.४५

आकडे असे आहेत. इंजिन ०.०३, पत्रा ०.०२ आणि रेडिओची पाठ ०.३८ व्होल्ट. बॅटरीवर एसी ०.०४. म्हणजे डायनॅमो ठीक आहे आणि घोळ रेडिओ व पत्र्याच्या मधल्या जोडात आहे, असे मी समजले.

टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली वाकून पाहिले तेव्हा रेडिओची काळी वायर एका रंगवलेल्या पट्टीवर पत्र्याच्या स्क्रूने दाबलेली दिसली. स्क्रूभोवती तांबूस पूड साचली होती आणि वायरचे डोके बोटाने फिरत होते. त्याच स्क्रूखाली दुसरी एक नवीकोरी काळी वायर होती. तिचा माग काढला तर ती नऊशे रुपयांच्या फिल्टरची निघाली.

परभणीवायरिंग
सोमवार, रात्री ९.३०

बघा, फिल्टर गोळा केलेला कचरा ज्या जोडातून पत्र्यात सोडणार, तो जोडच कच्चा होता. ती पट्टी विसरून जा. पायाजवळच्या जाड पत्र्यावर मुळातच अर्थिंगचा बोल्ट असतो. तो खोला, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, वायरला गोल छिद्राचे तांब्याचे लग दाबून बसवा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. उन्हाळ्यात आपल्याकडे जोड तापून सैल होतात आणि पावसाळ्यात त्यांत ओल शिरते, म्हणून स्क्रूवर भरवसा नको, बोल्टच हवा. फिल्टर काढून टाका, नसता एक जोड कशाला वाढवायचा?

बालाघाटवाट
मंगळवार, सकाळी ८.१०

या निमित्ताने विचारतो. बीडकडून येताना मांजरसुंब्याच्या घाटात एफएम फडफडल्यासारखे होते, गाडी हळू केली की फडफडही संथ होते. हाही अर्थिंगचाच दोष समजावा का?

निवृत्तप्रक्षेपक
मंगळवार, सकाळी ९.४५

नाही, तो डोंगराचा परिणाम आहे. केंद्राची सरळ आलेली लहर आणि कड्यावर आपटून आलेली लहर काही जागी एकमेकींना भरतात, काही जागी खोडतात. ३ मीटरच्या लहरीला साधारण दर दीड मीटरवर असा एक खड्डा पडू शकतो. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला १६-१७ मीटर पुढे जाते, म्हणजे सेकंदाला अकराएक खड्डे येतात. तीच तुमची फडफड. वेगाबरोबर बदलणारा आवाज इंजिनाचा की जागेचा, हे ठरवायचे असेल तर उतारावर गिअर बदलून पाहा. फेऱ्या बदलल्या पण गाडीचा वेग तोच राहिला आणि फडफडही तीच राहिली, तर इंजिनाचा संबंध नाही.

योगेश्वरीनगरी
शुक्रवार, सायंकाळी ५.५५

अर्थिंग भाऊंनी सांगितले तसे करून घेतले. रेडिओच्या पाठीवर आता ०.०२ व्होल्ट येतो आणि शिट्टी गेली. आवाज शून्यावर ठेवून २५०० फेऱ्यांपर्यंत रेस दिली, कान स्पीकरला लावला, काहीही ऐकू आले नाही.

तिसरा आवाज मात्र गिरवलीजवळ आजही आला. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून इंजिन बंद केले तरी तो तसाच राहिला, म्हणजे सरांचे म्हणणे बरोबर आहे. तेथे मोठे उपकेंद्र आहे आणि उंच मनोऱ्यांच्या तारा रस्ता ओलांडतात. हा आवाज सहन करण्यावाचून गत्यंतर नाही का?

निवृत्तप्रक्षेपक
शुक्रवार, रात्री ८.३०

गिरवलीला ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. एवढ्या दाबाच्या तारांभोवतीची हवा थोडी फुटतच असते आणि तिची सलग सळसळ मध्यम लहरींवर येते. पावसात, धुक्यात ती वाढते. तिच्यावर आपल्या हाती उपाय नाही आणि तारा ओलांडून गेलो की ती ओसरते.

पण तुम्ही ‘पापड तळल्यासारखा’ म्हणता, त्यामुळे मला आणखी एक शक्यता दिसते. साध्या ११ केव्हीच्या खांबावर एखादा इन्सुलेटर तडकला, त्याची बांधणी सैल झाली किंवा एखादा नट ढिला झाला, की त्या बारीक फटीत ठिणग्या पडतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत प्रत्येक अर्ध्या लाटेला, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा त्यांचे झुबके येतात. त्यामुळे तो आवाज खरबरीत, तडतडणारा असतो. मोठ्या तारांच्या सळसळीच्या उलट, तो कोरड्या हवेत जास्त असतो आणि चांगला पाऊस पडला की बहुधा थांबतो, कारण ओलाव्याने ती फट विजेपुरती भरून निघते.

पुढच्या फेरीत तेथे गाडी सावकाश चालवा. आवाज मनोऱ्यांच्या तारांखाली सर्वांत मोठा आहे की पुढेमागे एखाद्या छोट्या खांबाजवळ, ते पाहा. खांबाजवळ निघाला तर गाडीतूनच त्याचा क्रमांक टिपून घ्या. खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला हात लावू नका, हलवून तर मुळीच पाहू नका.

योगेश्वरीनगरी
पुढील गुरुवार, रात्री ९.२०

सर, दोन्ही आहेत. मनोऱ्यांच्या तारांखाली हलकी सळसळ होते, पण तिच्यातून निवेदकाचे शब्द समजतात. तडतडाट तेथे नाहीच. तो साधारण सहाशे मीटर अलीकडे, विहिरीजवळच्या वळणावरच्या एका खांबापाशी सर्वांत मोठा आहे आणि त्या खांबाच्या पुढे-मागे तीन-चार खांबांपर्यंत ऐकू येतो. येताना पुन्हा पाहिले, त्याच जागी. वडिलांनीच मला डोळे मिटून “आता वाढला, आता उतरला” असे सांगितले आणि त्यांचा अंदाज दोन्ही वेळा त्याच खांबावर आला. क्रमांक टिपून वीज कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे. त्यात ‘रेडिओत खरखर’ असे न लिहिता ‘इन्सुलेटरवर ठिणग्या पडत असल्याची शक्यता’ असे लिहिले, कारण विहिरीवर माणसांची आणि जनावरांची येजा असते.

परभणीवायरिंग
गुरुवार, रात्री १०.००

अर्जाची पोच सांभाळून ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच वळणावर १३०५ लावून पाहा. काढलेला तो ‘आर’ नसलेला प्लगही फेकू नका, त्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगला जाल तेव्हा चारही प्लगची अक्षरे आधी दाखवा आणि मगच गाडी त्यांच्या ताब्यात द्या.